गरम झालेलं जेट बोटीचं इंजिन पुन्हा सुरू होत नाही? ते गार होण्याआधी तपासा

सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू झालेलं इंजिन तासभर झकास चालतं. मग पोहायला किंवा खायला म्हणून बोट थांबते, पंधरा-वीस मिनिटांनी चावी फिरवली की इंजिन दाद देत नाही. आणखी तासाभराने मात्र तेच इंजिन काही घडलंच नव्हतं अशा थाटात सुरू होतं. जेट बोटींमध्ये ही तक्रार फार जुनी आहे. कार्बोरेटरवाल्या व्ही-८ इंजिनात दिसते, टू-स्ट्रोकमध्ये दिसते आणि फ्युएल इंजेक्शनच्या नव्या इंजिनांतही दिसते. कारणं मात्र वेगवेगळी असतात.

हा दोष फक्त इंजिन गरम असतानाच दिसतो. बोट ओढत किनाऱ्यावर आणेपर्यंत इंजिन गार होतं, मेकॅनिकसमोर झटक्यात सुरू होतं आणि मग अंदाजाने एकेक पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी कॉईल, मग फ्युएल पंप, मग स्टार्टर. पैसे जातात, दोष तिथेच राहतो. म्हणून या लेखातली जवळजवळ प्रत्येक तपासणी इंजिन गरम असताना, ते हट्टाला पेटलेलं असतानाच करायची आहे.

हत्यार हाती घेण्याआधी

जेट बोटीला सुकाणू नसतं. नोझलमधून जोराने बाहेर पडणारं पाणी वळवूनच ती वळते. इंजिन बंद म्हणजे ना दिशा, ना ब्रेक. तेव्हा इंजिन सुरू होत नाही असं दिसलं की पहिलं काम नांगर टाकण्याचं. वाहत्या पाण्यात किंवा खडकांजवळ असाल तर चावीशी झटापट करत बसू नका.

दुसरी गोष्ट इंजिनबेमधल्या, म्हणजे इंजिन ठेवलेल्या बंद कप्प्यातल्या वाफांची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. गरम इंजिनाच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल उकळून बाहेर येत असेल तर ही वाफ आणखी वाढते. आधी झाकण उघडा, नाक घालून वास घ्या आणि ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) किमान ४ मिनिटं चालवा. पेट्रोलचा उग्र वास जात नसेल तर सेल्फ मारू नका, गळती शोधा. ईथरचा स्टार्टिंग स्प्रे बंदिस्त इंजिनबेमध्ये अजिबात वापरू नये. फ्लेम अरेस्टर (कार्बोरेटरच्या तोंडावरची, ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) काढून ठेवून सेल्फ मारणंही तितकंच धोक्याचं आहे.

तिसरी गोष्ट खास जेटची. बहुतेक जेट बोटींत इंजिन आणि जेट पंप थेट जोडलेले असतात, मध्ये क्लच किंवा गिअर नसतो. इंजिन सुरू झालं की इम्पेलर, म्हणजे पंपातला पाणी ढकलणारा पंखा, फिरतोच. ‘न्यूट्रल’ म्हणजे नोझलमागची बकेट (पाण्याची धार उलट वळवणारं झाकण) अर्धी खाली आणून पाण्याचा जोर पुढे-मागे विभागणं, एवढंच. त्यामुळे थ्रॉटल उघडा ठेवून इंजिन सुरू करायची वेळ आली तर बकेट न्यूट्रलला आहे ना, सगळे बसलेले आहेत ना, बोटीच्या मागे पाण्यात कोणी नाही ना, हे आधी पाहा. इम्पेलरजवळ हात घालायचा असेल तर इंजिन बंद, चावी आणि किल-स्विचची (निघाली की इंजिन बंद करणारी) दोरी खिशात.

आणि हो, ती किल-स्विचची दोरी नीट बसली आहे का, हे सगळ्यांत आधी बघून घ्या. पोहायला उतरताना ती निघते आणि मग उगाच इंजिनाला दोष दिला जातो.

पहिला प्रश्न: सेल्फ कसा फिरतोय?

चावी फिरवा आणि कान देऊन ऐका. एका वेळी ५ ते ७ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट स्टार्टरला विश्रांती द्या. न पेटणारं इंजिन बराच वेळ फिरवत राहिलं तर स्टार्टर तापतो, बॅटरी उतरते आणि ओल्या एक्झॉस्टमध्ये (धुराबरोबर थंड करणारं पाणीही बाहेर टाकणाऱ्या नळीत) पाणीही साचू शकतं.

सेल्फ नेहमीच्याच जोमाने फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर दोष पेट्रोलचा, करंटचा (म्हणजे ठिणगीचा) किंवा कॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधल्या दाबाचा). सेल्फ जड फिरतोय, अडतोय किंवा नुसता ‘टक्’ आवाज येतोय, तर दोष बॅटरी, वायर, स्टार्टर किंवा जेट पंपात. या दोन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत. पहिल्या वाटेवरचा माणूस बॅटरी बदलत बसला किंवा दुसऱ्या वाटेवरचा कार्बोरेटर उघडत बसला, तर दिवस वाया गेला म्हणून समजा.

दुसरा प्रश्न वेळेचा. बंद केल्यावर लगेच, मिनिटाभरात सुरू केलं तर सुरू होतं आणि दहा-वीस मिनिटांनी होत नाही, असं आहे का? असेल तर संशय पेट्रोलच्या उकळण्यावर घ्या. कारण इंजिन बंद होताच थंड पाण्याचा प्रवाह थांबतो, पण लोखंडात साठलेली उष्णता कुठेतरी जाणारच. ती वर कार्बोरेटरकडे, फ्युएल पंपाकडे, पाइपकडे चढते. बंद केल्यानंतरची काही मिनिटं इंजिनबेचा वरचा भाग चालत्या इंजिनापेक्षाही जास्त तापतो. याउलट, बंद केल्याक्षणीच परत सुरू होत नसेल किंवा चालता चालताच बंद पडलं असेल, तर करंटच्या बाजूचा दोष किंवा पेट्रोल कमी पडणं जास्त संभवतं.

ही वेळ लिहून ठेवा. किती वेळ चाललं, किती वेळ बंद होतं, कितव्या मिनिटाला पुन्हा सुरू झालं. चांगल्या मेकॅनिकला यातूनच निम्मं उत्तर मिळतं.

सेल्फ जड फिरत असेल तर

सुरुवात बॅटरीपासून. बरेचदा उष्णतेचा इथे काही संबंधच नसतो. बोट थांबलेली असताना तासभर गाणी लागलेली असतात, बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी उपसणारा) मधूनमधून चालतो, आधी चार वेळा सेल्फ मारून झालेला असतो. मल्टिमीटर लावा. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी होत चाललेली. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा स्टार्टर प्रमाणाबाहेर करंट ओढतोय. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत, नाहीतर चार्जिंग होत नाहीये.

बॅटरी ठीक असेल तर वायरी. तांब्याचा रोध तापमान १० अंशांनी वाढला की सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. चांगल्या जोडणीला याचा काही फरक पडत नाही. पण टर्मिनल आतून गंजलेलं असेल, अर्थिंगचा बोल्ट सैल असेल, तर गारठ्यात कसंबसं चालणारं काम उष्णतेत बंद पडतं. नुसतं डोळ्यांनी पाहून हे कळत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरं स्टार्टरच्या जाड बोल्टवर धरा, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर त्या वाटेत कुठेतरी गंज किंवा सैल जोड आहे. तेच ऋण बाजूला, बॅटरीचा ऋण खांब ते इंजिनचा ब्लॉक, असं करा. तिथे ०.२-०.३ व्होल्टच्या वर काही नको. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि माझ्या मते नवख्या बोटवाल्याने सगळ्यांत आधी शिकावी अशी आहे.

वायरी शुद्ध, बॅटरी भक्कम, तरी सेल्फ फक्त गरम असतानाच रडतो, तर स्टार्टर किंवा त्याचा सोलेनॉइड (त्याला करंट जोडणारा स्विच). एक्झॉस्टच्या शेजारी बसलेला स्टार्टर चांगलाच भाजून निघतो. बदलायचा झाला तर बोटीसाठीचाच घ्या. मोटारीचा स्टार्टर दिसायला सारखा आणि स्वस्त असतो, पण बोटीच्या स्टार्टरची बांधणी आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत जाऊ नये अशी केलेली असते. हाच नियम अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा भाग) आणि कार्बोरेटरलाही लागू.

डिस्ट्रिब्युटरवाल्या इंजिनात आणखी एक कारण असतं. इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जास्त पुढे ठेवलेलं असेल तर गरम इंजिनात मिश्रण लवकर पेटतं आणि पिस्टन वर येण्याआधीच उलटा धक्का बसतो. सेल्फ फिरता फिरता अडतो, पुन्हा फिरतो, पुन्हा अडतो. कॉईलची बारीक धन वायर काढून सेल्फ मारून पाहा. आता मोकळा फिरला तर स्टार्टर निर्दोष आहे, टायमिंग लाइटने टायमिंग तपासून घ्या.

शेवटी जेट पंप. स्टार्टरला इंजिनासोबत इम्पेलरही फिरवायचा असतो. दोरी, पाणवनस्पती, प्लॅस्टिक किंवा एखादा दगड अडकला की सेल्फ जड होतो. इंजिन बंद ठेवून ग्रिल तपासा आणि क्लीन-आउटचं (पंप साफ करायच्या वाटेचं) झाकण असेल तर तिथून हाताने तपासा.

इंजिन एकदम ‘ठक्’ करून अडलं आणि अजिबात फिरेना, तर थांबा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, वायरींची टोकं अर्थ करा, मग हळूच फिरवून पाणी बाहेर निघतंय का पाहा. निघालं तर फुटलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा गास्केट यांचा शोध घ्यावा लागेल. हे काम जाणकाराकडे द्या.

सेल्फ उत्तम, पण इंजिन पेटत नाही

इथे सगळ्यांत बोलका साक्षीदार म्हणजे स्पार्क प्लग. गरम इंजिनाचा एक प्लग काढा, हातमोजे घालून. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा ठिणगी नाहीये. कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोल पोहोचतच नाहीये.

*प्लग ओला.* कार्बोरेटरच्या इंजिनात पहिला संशय उकळण्याचा. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतात. फ्लोट बोलमधलं (कार्बोरेटरमधल्या छोट्या साठ्यातलं) पेट्रोल त्याहून खूप जास्त तापतं, फेसाळतं, नोझलमधून थेंब थेंब मॅनिफोल्डमध्ये गळतं आणि इंजिन ‘ओव्हर’ होतं. डोळ्यांनी बघायचं तर इंजिन बंद ठेवून, वाफ काढून झाल्यावर, फ्लेम अरेस्टर उचला आणि बॅटरीच्या टॉर्चने कार्बोरेटरच्या गळ्यात पाहा. थ्रॉटलला हात न लावता पेट्रोल टपकताना दिसलं तर चोर सापडला. अरेस्टर परत घट्ट बसवूनच पुढचं पाऊल.

तात्पुरता उपाय असा: बकेट न्यूट्रलला, थ्रॉटल हळूच पूर्ण उघडा आणि तसाच धरून ठेवा, मग ५ सेकंद सेल्फ. थ्रॉटल पंप करू नका, प्रत्येक पंपाबरोबर अॅक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल ओततो. भरपूर हवा आत गेली की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन अडखळत पेट घेतं. पेट घेताक्षणी थ्रॉटल खाली आणा. इंजेक्शनच्या बऱ्याच इंजिनांतही पूर्ण थ्रॉटलला सेल्फ मारला की कंप्युटर इंजेक्टर बंद ठेवतो, म्हणजे तिथेही हाच उपाय चालतो. आपल्या इंजिनात ही सोय आहे का, हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

कायमच्या उपायासाठी फ्लोटची पातळी, नीडल व्हॉल्व्हची (बोलमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या झडपेची) झीज आणि फ्युएल पंपाचा दाब तपासायचा. कार्बोरेटरसाठी दाब साधारण ४ ते ७ पीएसआय पुरतो, त्याहून जास्त असेल तर नीडल दाबून पेट्रोल आत शिरतं. हे सगळं बरोबर असूनही उकळतच असेल तर कार्बोरेटरखाली उष्णतारोधक जाड स्पेसर बसवतात. त्याने चांगला फरक पडतो, फक्त उंची वाढल्याने थ्रॉटलची केबल आणि वरचं झाकण अडत नाही ना ते पाहावं लागतं. इंजिन गरम असताना चोक (गार इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) पूर्ण उघडतोय का, हेही इथेच बघा. इलेक्ट्रिक चोकची वायर निघालेली असेल तर गरम इंजिनालाही थंडीतलं मिश्रण मिळत राहतं.

इंजेक्शनवाल्या इंजिनात ओल्या प्लगची दोन कारणं नेहमीची. एक, इंजेक्टर गळतो. गेज लावून इंजिन बंद केल्यावर दाब टिकतो की झरझर उतरतो ते बघा. दाब पंपाच्या बाजूनेही मागे फिरून उतरू शकतो, म्हणून प्लगही ओला असेल तरच इंजेक्टरवर ठपका ठेवा. दोन, तापमानाचा सेन्सर खोटं बोलतो. इंजिन तापलेलं असताना तो ‘गार आहे’ असं सांगत असेल तर कंप्युटर भरमसाट पेट्रोल सोडतो. बऱ्याच सेन्सरचा रोध साधारण तापमानाला २-३ हजार ओहम आणि ८०-९० अंशांना काही शे ओहम असतो. गरम असतानाही आकडा हजारांतच राहत असेल तर सेन्सर गेला. स्कॅनर असेल तर तापमान थेटच वाचता येतं.

*प्लग कोरडा.* कार्बोरेटरमध्ये एकदा थ्रॉटल हलवून पाहा. पेट्रोलची बारीक धार उडाली नाही तर बोल रिकामा आहे. पाइपमध्ये पेट्रोलची वाफ झाली असावी, आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. ओढीच्या बाजूला, म्हणजे टाकी ते पंप या भागात, दाब कमी असतो आणि दाब कमी तिथे पेट्रोल लवकर उकळतं. त्यामुळे याच भागातला अडथळा गरम दिवसात घात करतो. भरलेला फिल्टर, चिकटलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह (टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहू न देणारी झडप), आतून सोललेली होज, इंजिनाला टेकलेला पाइप, सगळं याच भागात.

टाकीचा श्वास बंद असण्याची शक्यता फार जणांच्या लक्षात येत नाही. व्हेंट बुजलं की पेट्रोल जसं संपत जातं तसा टाकीत निर्वात तयार होतो. इंजिन तासभर चालतं, मग उपाशी मरतं. टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ असा हवा आत जाण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळात इंजिन सुरू झालं तर उष्णतेवर उगाच आळ आला होता. होज बदलायची झाली तर बोटीच्या पेट्रोलसाठी प्रमाणित असलेलीच.

पेट्रोल आहे, ठिणगी नाही

कॉईल, इग्निशन मॉड्यूल, क्रँक सेन्सर, टू-स्ट्रोकमधले स्टेटर आणि ट्रिगर (ठिणगीसाठी वीज बनवणारा आणि तिची वेळ ठरवणारा भाग), या सगळ्यांत तारांची बारीक वेटोळी किंवा इलेक्ट्रॉनिक भाग असतात. केसाएवढी चीर उष्णतेने फाकते आणि करंट तुटतो. गार झालं की चीर मिटते.

ठिणगी तपासायला बंद काचेचा स्पार्क टेस्टर वापरा. प्लग ब्लॉकला टेकवून उघडी ठिणगी बघण्याची सवय मोटारसायकलवर ठीक, पेट्रोलच्या वाफेने भरलेल्या इंजिनबेमध्ये नाही. सीडीआय (कपॅसिटरमधून ठिणगी देणाऱ्या) प्रकारच्या इग्निशनमध्ये प्लगच्या वायरी मोकळ्या सोडून सेल्फ मारला तर ते युनिटच जळू शकतं, म्हणून प्रत्येक वायर टेस्टरला किंवा अर्थला जोडलेली हवी.

ठिणगी नसेल तर चावी बंद करून संशयितावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला बर्फ पाच-सात मिनिटं ठेवा. एका वेळी एकच भाग. कॉईल गार केल्यावर ठिणगी आली तर कॉईल, मॉड्यूल गार केल्यावर आली तर मॉड्यूल. बर्फ नसेल तर रोध मोजा, गरम असतानाचा आणि गार झाल्यावरचा, आणि मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून पाहा. गार असताना बरोबर आणि गरम असताना अनंत रोध, म्हणजे पुरावाच मिळाला.

कॉम्प्रेशन आणि थंड पाणी

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी इंजिन उठत नाही. मग कॉम्प्रेशन मोजा, तेही गरम असतानाच, सगळे प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. झिजलेल्या रिंगांचं टू-स्ट्रोक गार असताना दाट तेलाच्या आधाराने सुरू होतं आणि गरम झालं की हात टेकतं. फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हचं क्लिअरन्स संपलेलं असेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आसपास असेल तर चालतं, त्याहून फार जास्त असेल तर इंजिन उघडावं लागणार.

याच्या मुळाशी कधीकधी अति तापणं असतं. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात जेट बोट विकसित केली ती उथळ नद्यांसाठीच. उथळ पाण्यात जाण्याची हीच ताकद इंजिनाच्या मुळावर येते, कारण थंड करणारं पाणी बहुतेक वेळा जेट पंपातूनच घेतलेलं असतं आणि त्याबरोबर वाळूही येते. गाळणी आणि पाण्याच्या वाटा साफ ठेवा. चालू इंजिन मीटरभर तरी खोल पाण्यात ठेवा, आणि निरीक्षण-छिद्रातून पाण्याची धार नीट येतेय का हे दर फेरीला बघा.

दोष मुद्दाम घडवून आणा

भर पाण्यात तपासणी जमली नाही तर बोट धक्क्याला पुढून-मागून घट्ट बांधा, इंजिन पूर्ण गरम करून बंद करा, झाकण लावून १५ मिनिटं थांबा. मीटर, स्पार्क टेस्टर, प्लगचा पाना, टॉर्च आणि बर्फ आधीच हाताशी ठेवा, म्हणजे इंजिन रुसलं की एक मिनिटही वाया जाणार नाही. जमिनीवर होज लावून हे करायचं असेल तर बऱ्याच जेट इंजिनांचा क्रम असा: आधी इंजिन सुरू, मग पाणी, थांबताना आधी पाणी बंद, मग इंजिन. क्रम उलटा झाला तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तर ते प्रमाण.

दुरुस्ती होईपर्यंत काम चालवायचं असेल तर थांबण्याआधी दोन-तीन मिनिटं मंद गतीत चालवा, बंद केल्यावर झाकण उघडं ठेवा आणि ब्लोअर सुरू ठेवा. उष्णतेला बाहेर जायला वाट मिळाली की कार्बोरेटर बराच कमी तापतो.

एवढं करूनही ओढून न्यायची वेळ आली तर ओढणाऱ्याला अगदी सावकाश, ८ किलोमीटर ताशी वेगाच्या आत जायला सांगा. जेट पंपातून थेट पाणी घेणाऱ्या बोटींत वेगाने ओढलं की पाणी जोराने कूलिंगच्या नळीतून शिरतं, आणि बंद इंजिन ते बाहेर टाकू शकत नाही. अशा बोटींत ती नळी क्लॅम्पने चिमटून ठेवतात. क्लॅम्प लावला की चावीला एक चिठ्ठी बांधा, कारण तो काढायचा राहिला आणि इंजिन सुरू केलं तर ते पाण्यावाचून चालेल.